माईंच्या पंक्तीतले कोबी

काही माणसं कॉलेजात मोठी होतात, काही पहिल्या नोकरीत, आणि माझ्या आतेबहिणीसारखी काही जन्मतःच मोठी असतात. मी मोठी झाले सव्विसाव्या वर्षी, लग्न होऊन सिंगापूरला आल्यावर, सेम्बावांगच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सासूबाईंच्या देखरेखीखाली. त्याआधी पुण्यात माझी नुसती उंची वाढली होती. हल्ली माझी मुलगी मधूनच विचारते, "आई, व्हेन डिड यू ग्रो अप?" तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत सांगून सुटते. खरं सांगायचं तर कोबीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तिला एवढा वेळ नसतो.

घरात आम्ही दोघीच. नवरा, निखिल, जहाजावर सेकंड इंजिनिअर. घरी कमी आणि समुद्रावर जास्त. लग्न ठरताना त्यानं मला सांगितलं होतं, "मी नसताना आई असेल ना सोबतीला." आईला त्यानं सांगितलं होतं, "मी नसताना मंजिरी असेल ना सोबतीला." अशी आम्हा दोघींची एकमेकींवर नेमणूक करून तो निर्धास्त मनानं इंजिनरूममध्ये उतरला. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, चिपळूणच्या. जन्मभर अंगण झाडलेल्या बाईला इथे अंगण म्हणून मिळाला दारासमोरचा लांबलचक कॉरिडॉर, ज्यातून शेजारीपाजारी सायकली ढकलत जायचे. त्यांनी तक्रार केली नाही. भिंतीच्या कडेनं कुंड्या मांडल्या: तुळस, कढीपत्ता, ओवा, गवती चहा. कुरडया आणि पापड मात्र त्यांना शेवटपर्यंत जमले नाहीत. कपडे वाळत घालायच्या बांबूखाली ताट ठेवून त्या दिवसभर राखण करायच्या, आणि संध्याकाळी कुरडई सकाळच्याइतकीच ओली. "इथलं ऊन नुसतं दिसायला," त्या म्हणायच्या, "वाळवायला म्हणून काही कामाचं नाही."

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. उजाडायच्या आधीच कोकीळ सुरू व्हायची. पहिल्या आठवड्यात माई हरखून ऐकत बसल्या, मग म्हणाल्या, "ही गात नाहीये गं, भांडतेय कुणाशी तरी." वरच्या मजल्यावरून गोट्या घरंगळल्याचा आवाज यायचा. माईंनी ठरवून टाकलं होतं की वर एक गुणी बाळ राहतं. पुढे लिफ्टमध्ये वरचे भेटले, तर नवरा-बायको दोघंही सत्तरीचे. सिंगापुरात कुठल्याही फ्लॅटमध्ये वरून गोट्या घरंगळतात आणि कुणाच्याच घरात गोट्या नसतात, हे कळायला मला काही वर्षं लागली. आणि सकाळच्या आवाजांतला सगळ्यात नियमित आवाज म्हणजे माईंच्या तांब्याचा. आंघोळ झाली की ओल्या केसांनी त्या कॉरिडॉरमध्ये जायच्या, तुळशीला पाणी घालायच्या आणि मग ओळीनं एकेका कुंडीत तांब्या वाकवत पुढे सरकायच्या. या तांब्यानं पुढे माझा जो छळ मांडला, तो मला या प्रकरणात सांगायचा आहे.

माझ्याकडे पुण्याची पदवी होती, बागांची रचना करण्याची. सिंगापुरात तिचा उपयोग लोकांना सांगण्यापुरता. मी निखिलच्या पासवर, म्हणजे त्याची बायको म्हणून आलेली; नोकरी करायची तर आधी मालकानं सरकारकडे माझ्यासाठी परवानगी मागायला हवी, आणि ज्या बाईनं प्रत्यक्षात एकही बाग केलेली नाही तिच्यासाठी कोण मागणार? तशात मराठी मंडळींच्या गणपतीत माझी ओळख अपर्णाताईंशी झाली. बुकित तिमाहला कॉन्डोमध्ये मोठी बाल्कनी, नवरा कुठल्याशा कंपनीत मॅनेजर, आणि त्याआधी दोन वर्षं स्वित्झर्लंडला काढलेली. ती दोन वर्षं त्यांच्या बोलण्यात दर पाच मिनिटांनी यायची. तिथल्या घरमालकिणीच्या दारात म्हणे एक दगडी डोणी होती, आपल्याकडे गुरांना पाणी पाजायला असते तशी, आणि तिच्यात दगडांच्या फटींतून हाउसलीकची रोपं. मांसल पानांची, गुलाबासारखी गोल, हिरवी-जांभळी. वर बर्फ साचायचं, बर्फ वितळलं की खाली जशीच्या तशी. "मला बाल्कनीत तसं हवंय," अपर्णाताई म्हणाल्या. "तू करून दे. दिवाळीनंतर मी सगळ्यांना बोलावणार आहे. खालच्या मजल्यावरच्या मिसेस गोह येतील, त्यांचं लँडस्केपचं ऑफिस आहे. त्यांना माणूस हवंच आहे. त्यांना तुझं काम आवडलं, की झालं तुझं."

झालं माझं! घरी येताना एमआरटीच्या गाडीत मी मनातल्या मनात ऑफिसातली माझी खुर्चीसुद्धा निवडली.

त्या रोपांचं शास्त्रीय नाव सेम्परव्हायव्हम, म्हणजे सदा जिवंत. हे वाचून मी आणखीच निर्धास्त झाले. माझा हिशेब असा, की जे बर्फात जगतं ते कुठेही जगेल. आज हे लिहिताना मला हसू येतं, पण आम्हा पुणेकरांच्या डोक्यात कणखरपणा नेहमी थंडीवरच मोजला जातो. हिमालयात ट्रेकला जाऊन आलेल्याचं कौतुक होतं, मे महिन्यात नागपूरला जाऊन आलेल्याचं कुणी करत नाही. थंडी हा पराक्रम आणि उकाडा ही नुसती कटकट. तेव्हा मायनस वीस सोसणाऱ्या झाडाला सेम्बावांग म्हणजे सहलच की, असं मी धरून चालले. चार वर्षं बागांचं शिक्षण घेतलेली मी!

मी कामाला लागले. ओल्या बाजारातल्या, म्हणजे इथल्या भाजी-मासळीच्या मंडईतल्या, मासळीवाल्याकडून थर्मोकोलचे खोके आणले आणि त्यांचा साचा करून सिमेंट, नारळाचा भुसा आणि पर्लाइटचे हलके पांढरे दाणे कालवून डोणी ओतायला घेतली. एवढं सगळं करायला जागा एकच, बाथरूम. माई पंचा खांद्यावर टाकून दारात उभ्या.

"मंजिरी, आंघोळ कुठे करायची?"

"फक्त आजचा दिवस, माई."

"आणि हा वास कसला?"

"खोक्याला थोडा माशांचा वास आहे. तो जाईल."

"सिमेंटला माशांचा वास," माई म्हणाल्या. "मी आजवर ऐकला नव्हता." आणि त्या पंचा घेऊन आत गेल्या. वास शेवटपर्यंत गेला नाही. डोणी मात्र सुरेख झाली, खडबडीत, करडी, खरोखर दगडाची वाटावी अशी. तळाला खडी, वर कच, त्यावर वाळूमिश्रित माती, मध्ये तिरपे रोवलेले दगड, आणि दगडांच्या बेचक्यांत नर्सरीतून आणलेली रोपं. कॉरिडॉरमध्ये माईंच्या कुंड्यांच्या शेजारी मी ती मांडली. दिवाळीपर्यंत वाढवायची आणि मग टॅक्सीत घालून बुकित तिमाहला न्यायची, असा बेत.

माई वाकून बघत म्हणाल्या, "छान आहेत गं. कोबीची रोपं का?"

तेव्हापासून ते कोबीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या तुळशीकडून कढीपत्त्याकडे, कढीपत्त्याकडून ओव्याकडे, ओव्याकडून गवती चहाकडे आणि तिथून न थांबता माझ्या डोणीत वाकला. मी धावले. "माई, यांना पाणी नको! पंधरा दिवसांतून एकदा, तेही थोडंसं."

"का? यांनी काय केलंय?"

"केलं काही नाही. त्यांना सोसत नाही."

माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कुणाला तरी जेवायला बोलावून दारातच उभं केलंय. "एका ओळीत मांडलेत ना? मग एकाला वाढायचं आणि त्याच्या शेजारच्याला वगळून पुढे जायचं? हा पंक्तिभेद माझ्यानं नाही व्हायचा." चिपळूणच्या त्यांच्या सासरी रोज पंगत उठायची, आणि वाढणाऱ्या बाईनं कुणाच्या पानाशी हात आखडता घेतलेला त्या घरात कधी खपला नव्हता. तोच नियम त्यांनी कुंड्यांना लावला. आता मुळांतली हवा, पाण्याचा निचरा, बुंध्याशी होणारी कूज ही माझी सगळी विद्या त्या एका शब्दापुढे काय टिकणार? मी डोणी उचलून कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला नेली. माई तांब्या घेऊन तिथपर्यंत चालत गेल्या. "तुम्ही वेगळे का बसलात रे?" असं कोबींना विचारताना मी त्यांना स्वतः ऐकलं आहे.

पंधरवड्यात रोपं उमलायला लागली. म्हणजे मला आधी ती उमलल्यासारखी वाटली. नीट पाहिल्यावर कळलं की ती विसकटताहेत. मिटलेली पानं सैल पडली, जांभळा रंग उडाला आणि मधला गाभा ओल्या पावासारखा झाला. एक रोप हातात घेतलं तर पानं हातात आणि खोड मातीत. मी कुठल्यातरी बंदरात पोचलेल्या निखिलला फोन लावला.

"तू आईशी बोल."

"मी काय बोलू? तू समोर आहेस."

"मी बोलले तर ती तक्रार होते. तू बोललास तर ती माहिती होईल."

तो बोलला. माई फोनवर "बरं, बरं" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून डोणीत पूर्ण तांब्याऐवजी अर्धा तांब्या पडू लागला. मुलाचा शब्द राहिला आणि पंगतही राहिली. मी तशीच पाय आपटत नर्सरी गाठली, नवी रोपं आणली, आणि परत आल्यावर, मला चांगलं आठवतंय, थालीपीठ समोर असताना, मी म्हणाले, "माई, माझी नोकरी या रोपांवर आहे. ती तुमच्या पाण्यानं मरताहेत."

माईंनी लोण्याचा गोळा माझ्या थालीपिठावर ठेवला आणि म्हणाल्या, "आजपासून हात लावणार नाही."

आणि त्या शब्दाला जागल्या. इतक्या जागल्या, की मला रोज सकाळी दार उघडणं नको झालं. तांब्या गवती चहापाशी यायचा, थांबायचा; मग माई त्यावर दुसऱ्या हातानं पदर धरायच्या, तोंड फिरवायच्या आणि डोणीवरून अशा पार व्हायच्या, की जणू आत कुणी उपाशी मूल झोपलंय. मी मात्र खूश होते. आता पाणी नाही, वरून पावसाची झड येऊ नये म्हणून मी पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर बांधलेलं, हवा खेळावी म्हणून स्टुलावर टेबलफॅन. रोपं त्या पंख्यासमोर, दिवसभर. आम्ही दोघी आत घाम पुसत असायचो आणि कोबी वाऱ्यावर.

तरीही ती गेली. आधी पानं सैल, मग रंग पांढुरका, मग गाभा मऊ, अगदी त्याच क्रमानं. माई लांबून बघत होत्या. "मी हात लावला नाही हं," त्या म्हणाल्या. आवाजात विजय नव्हता, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

परदेशी बागकामवाल्यांच्या एका इंटरनेट चर्चेत मी माझं दुःख टाकलं. कुणा सहृदय बाईंनी विचारलं, तुमच्याकडे रात्रीचं तापमान किती उतरतं? मी आकडा कळवला. त्यानंतर त्यांचं उत्तरच आलं नाही. मग मी इतर कुणाकुणाचं वाचत बसले तेव्हा हळूहळू उजेड पडला. या झाडांना उन्हाचा त्रास नसतो, रात्रीच्या उकाड्याचा असतो. दिवसा ती मिटून घेतात आणि गार रात्री श्वास घेतात. आणि सेम्बावांगला गार रात्र म्हणून कधी होतच नाही. म्हणजे माईंचं पाणी फक्त लवकर मारत होतं. माझी काळजी जरा सावकाश.

शहाण्या माणसानं इथे थांबावं. मी थांबले नाही. मी तिसऱ्यांदा रोपं आणली आणि त्यांना फ्रीजमध्ये ठेवलं. रात्री भाजीच्या खणात, सकाळी बाहेर. इडलीचं पीठ, कोथिंबीर, काल उरलेली आमटी आणि कोबी. एकदा माईंनी एक रोप हातात धरून विचारलं, "यातलं काही कोशिंबिरीला घ्यायचं असलं तर सांग, नाहीतर मी काकडी चिरते." त्यांचा चेहरा इतका गंभीर होता, की त्या थट्टा करताहेत का हे मला आजही सांगता येत नाही. रोपांनी फ्रीजची थंडी आणि कॉरिडॉरचा उकाडा अशा हेलपाट्यांत जेमतेम आठवडाभर तग धरला, मग सगळीच एकदम बसली. दिवाळी करून झाली होती. अपर्णाताईंचा फोन आला, शनिवार ठरला. "कशी आहेत गं आपली हाउसलीक?"

"मजेत," मी म्हणाले.

शुक्रवारी मी माईंना बरोबर घेऊन नर्सरीत गेले. नुकताच विमानानं माल आलेला, टपोरी, घट्ट मिटलेली, थंड देशाची लाली अजून गालांवर असलेली रोपं. ती घेऊन आम्ही तशाच बुकित तिमाहला गेलो, टॅक्सीनं आधीच पोचवलेल्या डोणीत ती लावली. अपर्णाताईंनी धरलं, की ती सेम्बावांगहूनच आलीत. माईंनी दगड पुसून दिले. काम संपल्यावर मी दोन पावलं मागे सरकून पाहिलं. खरं सांगते, त्यानंतर मी बऱ्याच बागा केल्या, पण इतकी देखणी गोष्ट माझ्या हातून पुन्हा झालेली नाही. महिनाभर ती अशीच दिसणार होती. तोपर्यंत मिसेस गोहनं परवानगीसाठी अर्ज केलेला असेल, माझी खुर्ची मला मिळालेली असेल, मग काय व्हायचं ते होवो. माझा एवढाच बेत होता, आणि तो मला वाईटही वाटत नव्हता.

शनिवारी बाल्कनीत चकल्या, चिवडा आणि बरीच माणसं. मिसेस गोह बुटक्या, चुणचुणीत, पायात स्पोर्ट्स शूज. त्या आल्या त्या थेट डोणीपाशी उकिडव्या बसल्या. कडेवरून बोट फिरवलं. "यू मेक धिस ट्रफ युवरसेल्फ? व्हेरी नाइस, लाह." माझे कान गरम झाले. मग त्यांनी रोपांकडे पाहिलं आणि विचारलं, "दे ग्रो हियर हाउ लाँग ऑलरेडी?"

मी तोंड उघडायच्या आत अपर्णाताईच इंग्रजीत म्हणाल्या, "ओ, ही कित्येक महिने वाढवतेय! सेम्बावांगला, स्वतःच्या दारात. किती मेहनत घेतलीये तिनं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला फक्त हसायचं होतं. हो म्हणायचंसुद्धा कारण नव्हतं. पण फ्रीज, पंखा, प्लास्टिकचं छप्पर, बाथरूममधलं सिमेंट, हे सगळं माझ्या घशाशी आलं. इतके आठवडे मी ज्यांच्यासाठी झुरले ती सगळी मेली होती, आणि कौतुक चाललं होतं या कालच्या पाहुण्यांचं! मला संताप आला, कुणाचा ते माहीत नाही. "नो," मी म्हणाले. "दोज ऑल डाइड." आणि तशीच इंग्रजीत पुढे सांगत सुटले, "मी तीनदा लावली, तीनदा मेली. ही काल आणलीत. हीसुद्धा मरणार. इथे ती जगूच शकत नाहीत."

अपर्णाताईंच्या हातातली चकली तोंडापर्यंत जाता जाता थांबली. माई कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी फार कळत नसे, पण सूर कळत असे.

मिसेस गोह उठल्या, गुडघे झटकले आणि हसल्या. "ऑफ कोर्स दे डाय! एव्हरीबडी नोज. लाइक कट फ्लॉवर्स, लाह. बट द ट्रफ इज गुड, द स्टोन्स ऑल्सो गुड." मग माझ्याकडे बोट करून, "यू कॅन कम एव्हरी मंथ अँड चेंज, कॅन ऑर नॉट? आय हॅव मेनी कस्टमर्स लाइक धिस."

मी मान कापून घ्यायच्या तयारीनं उभी होते आणि समोरच्या बाईंच्या हातात तलवारच नव्हती. मला नोकरी मिळत होती. मिळत होती ती मेलेली झाडं उपसायची आणि मरणारी झाडं लावायची. "आय विल थिंक," मी म्हणाले. मिसेस गोह चिवड्याकडे वळल्या.

परतीच्या बसमध्ये मी माईंना सगळं मराठीत सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या.

"मग तुला राग कशाचा आला?" त्यांनी विचारलं.

"माई, मला बाग करायची आहे. बाग म्हणजे जगवायचं. ही तर नुसती सजावट."

"देवाला मी रोज फुलं वाहते. दुसऱ्या दिवशी काढते, ताजी वाहते. ती काय जगवायला वाहते मी?"

"ती पूजा झाली."

"असेल," माई म्हणाल्या. "पण फूल वाहताना मी कुणाला सांगत नाही, की हे वर्षभर टिकेल. तूही सांगितलं नाहीस. सांगायची वेळ आली तेव्हा खरं बोललीस. आता नोकरी घ्यायची की नाही ते तू बघ, पण तोंड असं करून बसू नकोस, लोक बघताहेत."

मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, आणि ते खोडूनही काढता आलं नाही, म्हणून मी आणखीच चिडले. सोमवारी सकाळी चिडलेलीच मिसेस गोहच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, मी येते, पण माझी एक अट आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी पहिल्याच दिवशी सांगणार, की ही झाडं इथे जगणार नाहीत. मला वाटलं, आता तरी त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "टेल, टेल. नो प्रॉब्लेम."

मी त्या ऑफिसात बरीच वर्षं काढली, आणि अट कधी मोडली नाही. जुरोंग ईस्टच्या कॅफेवाल्याला सांगितलं, डेंटिस्टबाईंना सांगितलं, बुकित तिमाहच्या बाल्कन्यांमागून बाल्कन्यांना सांगितलं: ही थंड देशातली झाडं आहेत, यांना गार रात्री लागतात, त्या इथे नाहीत, महिन्याभरात ही मरतील. प्रत्येकानं नीट ऐकून घेतलं. काहींनी "सो सॅड" असंही म्हटलं. मग थोडं थांबून प्रत्येकानं विचारलं, "शनिवारपर्यंत लावून होतील ना?"